रेवेच्या गाण्यासाठी भीमा ओलांडताना

हुतात्मा एक्स्प्रेस सकाळी साडेसहाला सोलापूर सोडते. मोहोळ मागे पडेपर्यंत डब्यात फारसे कोणी बोलत नाही; कुर्डुवाडीला चहा येतो आणि मग कुठे लोक जागे होतात. जेऊर गेल्यावर मात्र मी खिडकीची जागा कोणाला देत नाही. पारेवाडी, जिंती रोड ही लहान स्थानके न थांबता मागे सरतात, उसाचे फड संपतात आणि एकाएकी पाणी येते. हे उजनीचे पाणी. हिवाळा असेल तर दूर उथळ पाण्यात रोहित पक्ष्यांची फिकट गुलाबी रांग उभी असते आणि डब्यातली मुले खिडकीकडे धावतात. गाडी पुलावर चढते तेव्हा चाकांचा आवाज बदलतो. खालची जमीन सुटल्यामुळे तो पोकळ आणि मोठा होतो. त्या दोन-तीन मिनिटांत कानाला एकच गाणे लावायचे, हा माझा वीस वर्षांहून अधिक काळचा नेम आहे. गाणे नर्मदेचे, गाणारा बँड दिल्लीचा, आणि पुलाखाली अडून राहिलेले पाणी भीमेचे.

बँडचे नाव इंडियन ओशन. सोलापुरात राहून मला त्यांची गाणी सगळी मिळाली, पण गाणारी माणसे कधी मिळाली नाहीत. त्यांना ऐकायचे तर दर वेळी गाडी धरावी लागली. पुणे अडीचशे किलोमीटरच्या पुढे, मुंबई साडेचारशेच्या. एका संध्याकाळच्या गाण्यासाठी एवढे अंतर कशाला तोडायचे, हा प्रश्न मला घरात, कचेरीत आणि रेल्वेच्या डब्यातही विचारला गेला आहे, आणि विचारणाऱ्यांना मी आजवर नीट उत्तर दिलेले नाही. उत्तर माहीत नव्हते असे नाही. ते सांगायला कॅसेटच्या दुकानापासून सुरुवात करावी लागते आणि शेवट आजीच्या गावापाशी होतो; चालत्या गाडीत एवढे सांगणे होत नाही.

2001 साली मी महाविद्यालयात होतो. नवी पेठेत कॅसेटचे एक अरुंद दुकान होते. सोलापूरचेच दुकान ते, तेव्हा हिंदी आणि मराठीच्या बरोबरीने तेलुगू आणि कन्नड कॅसेटच्या फळ्याही भरलेल्या असत. त्या गर्दीत ‘कंदिसा’ नावाची एक कॅसेट बरेच दिवस पडून होती. ती आदल्याच वर्षी आली होती. दुकानदाराने एक बाजू लावून दाखवली. माझ्याबरोबर माझा मित्र होता. तो पूर्व भागातला, घरी तेलुगू बोलणारा, घरातच चार यंत्रमाग असलेला. आम्ही दोघांनी पैसे एकत्र करून ती कॅसेट घेतली आणि त्याच्याकडे गेलो.

यंत्रमाग चालू असलेल्या घरात काहीही ऐकणे शक्य नसते. धोटा इकडून तिकडे जातो, फणी आपटते, चार माग चार निरनिराळ्या क्षणी आपटतात आणि त्या सगळ्याची मिळून एक भिंत तयार होते. रात्री माग थांबल्यावरही बराच वेळ तो आवाज कानात चालूच राहतो. तो उतरेपर्यंत आम्ही गच्चीवर बसत असू आणि मग खाली येऊन कॅसेट लावत असू. मित्राचे वडील शेजारच्या खोलीत बसून, नुसत्या आवाजावरून, कोणत्या मागावर धागा तुटला ते सांगत. मित्राचा कान त्याच घरात तयार झाला होता. त्या कॅसेटमध्ये एक आवाज तबल्याच्या आणि तालवाद्यांच्या अगदी अंगाला लागून येत असे. मला वाटे, गाणारा एक आणि वाजवणारा दुसरा. कार्डावर गाणारे म्हणून एकाहून अधिक नावे होती, त्यामुळे त्यावरून उलगडा होईना. मित्र मात्र पहिल्या आठवड्यातच म्हणाला, “दोघं न्हाईत बे. श्वास एकच हाय. वाजवत वाजवत गातोय तो.” मला ते पटले नाही. आमचा हा वाद दोन वर्षे चालला, आणि तो मिटवायचा तर प्रत्यक्ष जाऊन पाहण्यावाचून दुसरा मार्ग नव्हता.

कॅसेटमधली भाषा हा आणखी एक नवा अनुभव होता. ज्या गाण्यावरून तिला नाव मिळाले ते केरळच्या सीरियन ख्रिस्ती परंपरेतले, सुरियानी भाषेतले प्राचीन स्तोत्र आहे, हे आम्हाला फार नंतर कळले. ते न कळताही आम्ही ते शंभरदा ऐकले. पण माझे गाणे वेगळे होते. बँडमध्ये बेस गिटार वाजवणारे आणि गाणारे राहुल राम हे नर्मदा बचाव आंदोलनात काम केलेले गृहस्थ. पर्यावरणातल्या विषारी द्रव्यांच्या अभ्यासात अमेरिकेत डॉक्टरेट मिळवून परत आलेले. नर्मदेच्या खोऱ्यात त्यांना भेटलेले लोकगीत बँडने आपल्या पद्धतीने बांधले आणि ‘मा रेवा’ या नावाने त्या कॅसेटमध्ये घेतले. रेवा म्हणजे नर्मदाच. ज्या वर्षी ही कॅसेट निघाली त्याच वर्षी, 18 ऑक्टोबर 2000 रोजी, सर्वोच्च न्यायालयाने सरदार सरोवराचे काम पुढे नेण्यास परवानगी देणारा निकाल दिला. त्यामुळे आमच्या हाती ते गाणे आले तेव्हा त्यातल्या नदीच्या काठची गावे बुडणार हे जवळजवळ ठरलेले होते. गाण्यात मात्र बुडण्याचे दुःख कोठेच नाही. त्यात नदीचे कौतुक आहे, आईचे करावे तसे. मला ते ऐकवत नसे, आणि ऐकल्याशिवाय राहवतही नसे.

याचे कारण माझ्या आजोळी आहे. आईचे माहेर करमाळा तालुक्यात, भीमेच्या काठी. तो गाव उजनीच्या पाण्याखाली गेला. धरण 1980 मध्ये पूर्ण झाले, पण माझ्या आजोळच्या माणसांनी त्याच्या काही वर्षे आधीच घर उतरवले होते. बैलगाडीत जे मावले ते नेले. आजोबांनी दाराची सागवानी चौकटसुद्धा, उंबऱ्यासकट, सोडवून घेतली. नव्या जागी घर बांधायला पैसा पुरला नाही, भिंती बुटक्या राहिल्या आणि ती चौकट त्या भिंतींना मोठी पडली. आजही मामांच्या घराचे छप्पर दारापुरते एक हात वर उचललेले आहे. लांबून पाहणाऱ्याला ते बांधकाम चुकल्यासारखे वाटते. चौकटीच्या डाव्या अंगाला, कमरेच्या उंचीवर, लाकूड गुळगुळीत झाले आहे. जुन्या घरात आत शिरताना प्रत्येकाचा हात तिथे पडत असे, कारण पायरी उंच होती. नव्या घराला पायरीच नाही, त्यामुळे आता तिथे कोणाचा हात जात नाही.

एका सुट्टीत मी आजीच्या कानाला वॉकमन लावून ते गाणे ऐकवले. ती डोळे मिटून पूर्ण ऐकत राहिली. मग तिने दोनच गोष्टी विचारल्या. पहिली, ही कोणती नदी. मी सांगितले. दुसरी, ही माणसे कुठे गातात. मी म्हणालो, पुण्याला गातात, मुंबईला गातात. ती म्हणाली, “मग जाऊन ऐक की रं. डबीत काय ऐकतूस?” ती पुढे असेही म्हणाली की, गाव उठायच्या आधी तिच्या माहेरच्या माणसांना तिने कितीदा तरी बोलावले होते, येऊन एकदा घर बघून जा, नदी बघून जा. ती माणसे येतो येतो म्हणत राहिली.

त्यानंतर दीड वर्षाने पहिला प्रवास घडला. पुण्यातल्या एका महाविद्यालयाच्या मैदानावर कार्यक्रम होता आणि आम्ही दोघे हुतात्माने निघालो. बरोबर मित्राच्या आईने दिलेल्या कडक भाकऱ्या होत्या आणि माझ्या घरची शेंगाचटणी. त्या वेळी ती लोहमार्गाची पट्टी एकेरी होती, त्यामुळे समोरून येणाऱ्या गाडीसाठी मधल्या एखाद्या स्थानकात थांबावे लागे, आणि पाण्याच्या अलीकडे गाडी अशी थांबली की मला बरे वाटे. जवळच डिकसळचा जुना दगडी पूल आहे. एके काळी रेल्वेगाड्या त्याच पुलावरून जात. धरण झाल्यावर रुळांना नवी वाट काढून द्यावी लागली आणि पूल रस्त्याच्या वाहतुकीला आला. आजीच्या घराची चौकट आणि हा पूल, दोन्ही मूळ कामातून सुटून दुसऱ्या कामाला लागलेल्या वस्तू आहेत, असे मला त्या दिवशी वाटून गेले.

साडेदहाला पुण्यात उतरलो, कार्यक्रम संध्याकाळी सातचा. आम्ही दुपारीच मैदानाच्या कुंपणाशी जाऊन बसलो. प्रत्यक्षातला पहिला आवाज आम्ही तिथे ऐकला, तो गाण्याचा नव्हता. कोणीतरी ड्रमच्या संचातला एकच ढोल, एकाच जोराने, पंधरा-वीस मिनिटे वाजवत होते आणि मैदानाच्या मध्यावरच्या मेजाशी उभा असलेला माणूस हाताने खुणा करत होता. मग दुसरा ढोल, मग झांज. मित्र कुंपणाच्या जाळीला कान लावून बसला होता. त्याच्या घरी नवीन माग बसवला की त्याचे वडील असेच एकेक भाग वेगळा चालवून ऐकत, असे तो म्हणाला. गाणे ऐकायला आलेल्यांपैकी फार थोड्यांच्या वाट्याला ही दुपार येते. जे शेवटच्या क्षणी रिक्षाने येतात त्यांच्या कानी गाणे एकदम पूर्ण होऊनच पडते. आम्ही ते जुळताना ऐकले.

संध्याकाळी चौघे मंचावर आले. सुस्मित सेन गिटार घेऊन, राहुल राम लांब दाढीचे, अमित किलम ड्रमच्या मागे. आणि पुढे, मंचाच्या फळीवर मांडी घालून, तबल्यासह आपली तालवाद्ये भोवती मांडून बसलेले असीम चक्रवर्ती. पहिल्याच गाण्यात त्यांनी वाजवता वाजवता तोंड माइककडे नेले आणि गायला लागले. मित्राने माझा दंड धरला. तो काही बोलला नाही, फक्त दंड दाबून ठेवला. आमचा दोन वर्षांचा वाद मिटला होता. हात आणि गळा एकाच माणसाचे होते, आणि श्वास खरोखरच एक होता: ताल समेवर येण्याआधी खांदे किंचित वर जात आणि त्याच उचलीत स्वर निघे. ध्वनिमुद्रणात ही उचल ऐकू येते, पण ती शरीराची आहे हे समजायला समोर बसावे लागते.

‘मा रेवा’ मध्यंतरानंतर आले. कॅसेटमध्ये ते जिथे सुरू होते तिथे सुरू झाले नाही. आधी बराच वेळ नुसता गिटारचा संथ प्रवाह होता, मग बेसचा खालचा स्वर आला आणि तो कानाआधी छातीत जाणवला. कॅसेटमधले गाणे मला पाठ होते, आणि नेमके त्यामुळेच दर क्षणी मी चुकत होतो. मला वाटे आता कडवे येईल, तर ते येत नसे, ताल आणखी एक फेरा घेई. शेवटी कडवे आले तेव्हा समोरच्या हजारभर मुलांनी ते उचलले. मला गाता आले नाही. पाण्याखालच्या गावाला कोणी गाणे केले नव्हते, आणि इथे परक्या नदीच्या गाण्याने माझ्या नदीची आठवण इतकी जवळ आणली होती की मी सारा वेळ आजीच्या दाराच्या चौकटीवर हात ठेवून उभा असल्यासारखा उभा होतो.

दहाच्या ठोक्याला उघड्यावरचा ध्वनिक्षेपक बंद करावा लागतो, तसा तो बंद झाला. आम्ही चालत स्टेशनवर आलो. मुंबईहून येणारी सिद्धेश्वर एक्स्प्रेस पुण्याला रात्री दोनच्या सुमारास येते. तोवर फलाटावर वर्तमानपत्र अंथरून भाकरी खाल्ली. मित्र रुळांकडे पाहत मांडीवर बोटांनी ताल धरत होता. त्याच्या बोटांत असीम यांचा ठेका होता आणि मधूनच त्यात त्याच्या घरच्या मागाचा आघात मिसळत होता. सकाळी सोलापुरात उतरलो तेव्हा तो घरी न झोपता मागावरच गेला, कारण त्या दिवशी माल द्यायचा होता.

पुढच्या काळात मी बराच हिंडलो. सोलापूर मुख्य मार्गावर असण्याचा एक मोठा फायदा असा की मुंबई, बंगळूर आणि हैदराबाद ही तिन्ही शहरे एका रात्रीच्या अंतरावर येतात. त्या प्रवासांत काही गोष्टी अनुभवाने कळल्या. मंचाच्या अगदी पुढे उभे राहिले तर ड्रमचा मूळ आवाजच अंगावर येतो आणि गाणाऱ्याचे शब्द हरवतात. एका बाजूला उभे राहिले तर त्या बाजूच्या स्पीकरमधलेच जास्त ऐकू येते. उत्तम जागा आवाज सांभाळणाऱ्या माणसाच्या मेजाजवळची, कारण तो स्वतःच्या कानाला जे पटेल तेच मैदानाला देत असतो. दुसरी गोष्ट अशी की जातानाच्या प्रवासात गाणी ऐकू नयेत. रिकाम्या कानाने गेलेला माणूस जास्त ऐकतो. मी एका पुलापुरता अपवाद ठेवला आहे.

माझ्या शाळेतले एक सर दर वर्षी डिसेंबरमध्ये सतरंजी आणि कानटोपी घेऊन पुण्याच्या सवाई गंधर्व महोत्सवाला जात. पंडित भीमसेन जोशी यांनी आपल्या गुरूच्या स्मरणार्थ 1953 मध्ये सुरू केलेला तो महोत्सव सरांच्या वर्षाचा मध्यबिंदू होता. त्यांना माझा बँड कधीच आवडला नाही, पण माझे जाणे मात्र पूर्ण पटत असे. ते मला भीमसेनजींची गोष्ट सांगत. अब्दुल करीम खाँ यांची ध्वनिमुद्रिका ऐकून वेडावलेला हा मुलगा 1933 मध्ये, वयाच्या अकराव्या वर्षी, गुरूच्या शोधात गदगचे घर सोडून निघाला आणि तिकिटाला पैसे नसताना, डब्यात गाऊन दाखवत, रेल्वेगाड्यांतून थेट ग्वाल्हेरपर्यंत गेला. सरांचा भर एका गोष्टीवर असे: त्याला तबकडी पुरली नाही. जी वस्तू पुन्हा पुन्हा ऐकता येते तिने त्या मुलाला घरात बसवले नाही, उलट घराबाहेर काढले. मला हे फार खरे वाटते. कॅसेटने माझी तहान भागली असती तर मी नवी पेठेच्या पुढे गेलोच नसतो.

सोलापूर जिल्ह्यातला माणूस गाण्यासाठी एवढा प्रवास करतो म्हटले की ऐकणारे चटकन वारी म्हणतात. ही तुलना मला पटत नाही. वारकरी वीस-वीस दिवस चालतो, त्याचे कष्ट माझ्यापेक्षा किती तरी मोठे, पण त्याला एका गोष्टीची खात्री असते: विठोबा विटेवर आहे. या वर्षी जाणे झाले नाही तरी पुढच्या वर्षी तो तिथेच असेल, आणि नातवाच्या वेळीही असेल. बँड असा उभा राहत नाही. तो चार माणसांचा असतो, आणि चार माणसांचे वय वाढते, मन बदलते, शरीर थकते. मी जे ऐकायला जात होतो ते दर वर्षी थोडे थोडे सरत होते आणि पाच-सहा वर्षे मला हे लक्षातच आले नव्हते.

2009 च्या पावसाळ्यानंतर मुंबईला एक कार्यक्रम होता. मी त्या वेळी ज्या कचेरीत होतो तिथे रजेचा अर्ज दिला. वरिष्ठांनी तो नाकारला. मी फारसा आग्रह धरला नाही. रात्रीच्या गाडीने जाऊन रात्रीच्या गाडीने परत येता आले असते, एक दिवस बिनपगारी गेला असता, इतकेच. मित्राने दोनदा फोन केला. मी म्हणालो, पुढच्या वेळी नक्की. तो एकटा जाणार नव्हता, त्यामुळे त्याचेही राहिले.

25 डिसेंबर 2009 रोजी असीम चक्रवर्ती गेले. मित्राचा फोन आला तेव्हा मागे माग चालू होते. तो काय बोलतो आहे ते मला ऐकू येईना. मी पुन्हा पुन्हा विचारत राहिलो. शेवटी त्याने आत जाऊन माग बंद केले, एकेक करून चारही, आणि मग सांगितले.

पुढच्या वर्षी बँडने ‘16/330 खजूर रोड’ या संग्रहातली गाणी दर महिन्याला एक याप्रमाणे लोकांना विनामूल्य दिली. तो पत्ता दिल्लीच्या करोल बाग भागातला, ते ज्या जुन्या घरात सराव करत त्याचा. त्या गाण्यांत असीम यांचा आवाज होता, आधी मुद्रित करून ठेवलेला. मी दर महिन्याला सायबर कॅफेत जाऊन गाणे उतरवून घेत असे आणि त्याच संध्याकाळी मित्राकडे नेत असे. आवाज अगदी ताजा होता, आणि त्याला आता ‘पुढच्या वेळी नक्की’ असे म्हणता येत नव्हते. आजीच्या माहेरची माणसे येतो येतो म्हणत राहिली आणि गाव पाण्याखाली गेला, हे ती किती शांतपणे सांगत असे, त्याचा अर्थ मला त्या महिन्यांत उमगला. तीही तोवर गेली होती.

बँड थांबला नाही. तबल्यावर तुहीन चक्रवर्ती आले, गायनाला हिमांशु जोशी आले. 2013 मध्ये सुस्मित सेन यांनी बँड सोडला आणि गिटार निखिल राव यांच्या हाती आली. मी पुन्हा जायला लागलो. पहिल्या खेपेला मी ऐकत नव्हतो, मोजत होतो: हे पूर्वी असे नव्हते, ते तसे होते. तो कार्यक्रम मी माझ्याच हाताने घालवला, याचे मला अजून वाईट वाटते, कारण नव्याने आलेली माणसे मनापासून वाजवत होती. दुसऱ्या खेपेला ‘मा रेवा’ आले तेव्हा कडवे जुन्या जागी आले नाही, आणखी उशिरा आले, आणि मी पुन्हा चुकलो. चुकलो म्हणजे ऐकत होतो. नव्या आवाजात ते गाणे निराळे आहे. कमी आहे असे मी म्हणणार नाही. नदीच्या गाण्याला पाणी दर वेळी दुसरे असणार, एवढे तरी भीमेच्या काठच्या माणसाने समजून घ्यायला हवे होते.

मित्राचे माग आता नाहीत. तो पुण्यात नोकरी करतो, आणि पुण्यातला कार्यक्रम असला की मला घ्यायला स्टेशनवर येतो.

2016 चा उन्हाळा महाराष्ट्राला आठवत असेल. मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी न्यावे लागले ते वर्ष. 117 टीएमसी, म्हणजे 117 अब्ज घनफूट, पाणी मावणारे उजनी धरण त्या वर्षी खोल मायनसमध्ये, म्हणजे उपयुक्त साठ्याच्याही बरेच खाली, गेले होते. सोलापूरकर एरवी मायनस हा शब्द धास्तीने उच्चारतात, आणि तसाच उच्चारायला हवा, कारण शहराला चार-पाच दिवसांआड पाणी येत होते. पण बुडालेल्या गावांच्या माणसांना मायनसचा आणखी एक अर्थ माहीत आहे. पाणी ओसरले की पळसदेवचे जुने देऊळ वर येते, वाड्यांच्या भिंती वर येतात, रस्ते वर येतात. मामांचा फोन आला, “गाव उघडं पडलंय. येतूस का?” दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पुण्यात एका सभागृहात कार्यक्रम होता आणि माझ्याकडे तिकिटे होती. मी म्हणालो, सकाळी गावाला येतो, पण मग तुम्ही संध्याकाळी माझ्याबरोबर चला. मामा तेव्हा सत्तरीला आले होते आणि त्यांनी असले काही कधी ऐकले नव्हते. ते हो म्हणाले.

गाळ वाळून त्याच्या फरशीएवढ्या खपल्या झाल्या होत्या, पाय ठेवला की त्या कडाकड मोडत. मामा कोठेही न थांबता, न विचारता चालत गेले आणि एका जोत्यापाशी उभे राहिले. भिंती गुडघ्याएवढ्या उरल्या होत्या. दोन भिंतींच्या मध्ये एक मोकळी जागा होती आणि तिच्या पुढे दगडाची उंच पायरी, शिंपल्यांनी भरलेली. मामा त्या पायरीवर चढले. चढताना त्यांचा डावा हात आपोआप बाजूला गेला, कमरेच्या उंचीवर, आणि तिथे काही नसल्यामुळे तसाच हवेत राहिला.

दुपारच्या गाडीने आम्ही पुण्याला गेलो. सभागृहात मामा खुर्चीच्या पुढच्या कडेवर बसले होते, धोतर सावरून, दोन्ही हात काठीवर. पहिली काही गाणी त्यांनी सभ्यपणे ऐकली. मी त्यांना काहीही सांगितले नव्हते. राहुल राम नर्मदेच्या खोऱ्याबद्दल थोडे बोलले, ते हिंदी मामांना कळले की नाही, ठाऊक नाही. मग गाणे सुरू झाले. मामांनी माझ्याकडे पाहिले नाही. थोड्या वेळाने त्यांच्या पायाने ताल धरला, वारकऱ्यांच्या पायाला असतो तसा संथ, आणि त्यांच्या वहाणांना चिकटलेला गाळ सुटून सभागृहाच्या लाल गालिच्यावर पडू लागला. मला तो उचलून खिशात ठेवावासा वाटला. मी ठेवला.

रात्री दोन वाजता सिद्धेश्वर आली. मामांना खालचा बाक मिळाला होता, पण ते आडवे झाले नाहीत. दौंड गेले, भिगवण गेले. बाहेर पूर्ण अंधार होता आणि त्या वर्षी तिथे चकाकायला फारसे पाणीही नव्हते. मी त्यांच्या समोर बसलो होतो. कानाला काही लावले नव्हते. गाडी पुलावर चढली आणि चाकांचा आवाज बदलला. मामा खिडकीकडे न बघताच म्हणाले, “आली.” मग त्यांनी वहाणा काढून बाकाखाली सारल्या, घोंगडी अंगावर ओढली आणि झोपले.